पॅचवर शेक

माझं काम काय ते सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग नाक मुरडतात. नाशिकला सातपूरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी कातडीतून औषध किती आत जातं ते मोजते. मलमं, जेल, अंगाला चिकटवायचे पॅच, जे काही कातडीवर लावून आत पोचवायचं असतं, ते माणसाच्या अंगाला लागण्याआधी आमच्याकडे येतं. त्यासाठी काचेचं एक छोटं उपकरण असतं. खाली कुपी, वर उघडी वाटी आणि दोन्हींच्या मध्ये चिमट्याने आवळून बसवलेला कातडीचा तुकडा. वर औषध लावायचं, खालचं खारट पाणी सतत ढवळत ठेवायचं आणि ठरलेल्या वेळी बाजूच्या नळीतून थोडं पाणी काढून त्यात औषध किती उतरलं ते बघायचं. कातडी बहुतेक वेळा डुकराच्या कानाची असते, कारण ती आपल्या कातडीच्या बरीच जवळची. क्वचित एखाद्या ऑपरेशनमध्ये काढलेली, पेशंटने परवानगी देऊन दिलेली माणसाची कातडीही येते. त्या दिवशी आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही.

तसं एरवीही फार बोलणं होतं असं नाही. एकदा कातडी बसवली की दिवसभर तिच्यापाशी राहावं लागतं. खाली एखादा हवेचा बुडबुडा अडकला तरी आकडे बिघडतात, म्हणून सारखं वाकून बघायचं. बाकीची मुलं कानात काहीतरी घालून आपापल्या मशीनसमोर बसतात. संध्याकाळी मी स्कूटी काढते, पाथर्डी फाट्याकडच्या माझ्या फ्लॅटवर येते, कुलूप उघडते आणि सकाळचा कप धुते. लग्न केलं नाही. का नाही केलं याची कारणं मी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी सांगितली आहेत आणि ती सगळी थोडी थोडी खरी आहेत.

म्हणून जे सांगायला लाज वाटते ते आधीच सांगून टाकते. बाबांच्या मणक्यात कॅन्सर पसरलाय असं कळलं, त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले, आणि रडता रडताच माझ्या मनात आलं की आता ते माझ्याकडे राहतील. मला बरं वाटलं.

बाबा मनमाडचे. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. आई मी कॉलेजात असताना गेली, तेव्हापासून ते त्याच गल्लीत, त्याच दोन खोल्यांत एकटे राहायचे. एकटे म्हणायचं आपलं. शेजारच्या घरात माझा चुलतभाऊ आणि वहिनी, समोर वर्कशॉपातले जुने सोबती, आणि दाराला दिवसभर कडी नाही. कोणीही येऊन त्यांच्या पेपरातलं मधलं पान काढून न्यायचं आणि ते त्यावरून संध्याकाळपर्यंत भांडायचे. दिवाळीनंतर मी त्यांना नाशिकला आणलं. डॉक्टर इथले, तपासण्या इथल्या, तेव्हा कोणी काही म्हणू शकलं नाही. गाडीत बसताना त्यांनी घराची किल्ली वहिनीकडे दिली आणि म्हणाले, "खिडकी उघडी ठेवत जा. आलो की लगेच वास नको."

माझ्याकडे त्यांनी कशालाही नावं ठेवली नाहीत. तेच मला खटकायला हवं होतं. मनमाडला वरणात मीठ कमी पडलं तर अख्ख्या गल्लीला कळायचं, इथे मी काहीही वाढलं तरी "झ्याक हाय" म्हणायचे. दिवसभर बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. खाली पार्किंग आणि त्यापलीकडे दुसऱ्या बिल्डिंगच्या बंद खिडक्या. मी संध्याकाळी विचारायची, "आज काय केलं, बाबा?" ते म्हणायचे, "गाड्या मोजल्या. मालगाडी एकबी नाय." मी हसायची. मग आम्ही दोघं टीव्ही बघायचो. मला ते पुरत होतं. घरात दुसऱ्या माणसाचं खोकणं आहे, चप्पल आहे, एवढ्यावर मी खूश होते.

दुखणं वाढलं तसा डॉक्टरांनी छातीवर चिकटवायचा पॅच दिला. अफूच्या कुळातलं कडक औषध, कातडीतून हळूहळू झिरपणारं. असे पॅच मी प्रयोगशाळेत किती तपासले असतील, पण स्वतःच्या माणसाच्या अंगाला लावताना कडा दोन-दोनदा दाबून बघितल्या. लावून तासभर झाला तरी दुखणं जागच्या जागी. बाबा म्हणाले, "पोरी, तुझं हे औषध पॅसेंजर गाडीनं निघालंय का?"

मी वहीच्या कागदावर रेघ काढून दाखवली. सुरुवातीला रेघ जमिनीला चिकटून चालते, कारण औषध आधी कातडीतच मुरत असतं. कातडी भरली की मगच ते पलीकडे उतरायला लागतं आणि रेघ वर चढते. पॅच काढला तरी मुरलेलं औषध उतरतच राहतं. त्यांनी चष्मा लावून ते नीट बघितलं. बाबांना कुठलंही यंत्र समजावून सांगितलं की फार आवडायचं. दुसऱ्या दिवशी दुखणं खरंच ओसरलं, आणि त्यांनी मनमाडला फोन लावून सोबत्यांना सांगितलं, "पोरगी कातड्याची डॉक्टर हाय. तिनं सांगितल्या टायमाला दुखणं उतरतंय." मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. उगाच कशाला खोटं बोलू, छाती फुगली माझी.

मग थंडी पडली. नाशिकची डिसेंबरची थंडी हाडात शिरते, आणि बाबांच्या तर हाडातच रोग होता. त्यांनी शेक मागितला. आमच्याकडे कशालाही शेकच असतो. पोट दुखलं, पाठ धरली, परीक्षेची भीती वाटली, तरी आई तव्यावर फडकं गरम करून शेकायची. मी सरळ नाही म्हटलं.

"अंगाला पॅच असताना शेक चालत नाही, बाबा."

"का बरं?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं किंवा डॉक्टर नाही म्हणतात एवढं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण इतक्या दिवसांनी मला कोणीतरी माझ्या कामातलं काही विचारत होतं. मी पोटतिडकीने सांगितलं. आमच्या काचेच्या कुपीभोवती कोमट पाणी फिरवतात, कातडीचा वरचा भाग बत्तीस अंशांवर राहावा म्हणून. एकदा पाणी तापवणाऱ्या यंत्राने दगा दिला आणि पाणी जास्त गरम झालं, तर औषध भसाभस खाली उतरलं आणि सगळा प्रयोग फेकून द्यावा लागला. गरम केलं की जास्त जातं, म्हणून शेक धोक्याचा.

"लोखंडाचंबी तसंच," बाबा म्हणाले. "तापलं की वाट देतं."

"अगदी तसंच," मी म्हटलं. मला वाटलं, समजलं त्यांना. मी पायाशी जाड रजई दिली आणि मफलर आणला. शेकायची गरम पाण्याची रबरी पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली.

त्या दिवसांत ते अधूनमधून मनमाडचा विषय काढायचे. एकदा चक्कर मारून येऊ म्हणायचे. मी म्हणायची, थंडी कमी झाली की जाऊ. पुढे म्हटलं, पुढची तपासणी झाली की जाऊ. ते "बरं" म्हणायचे. मला ठाऊक होतं की एकदा ते त्या गल्लीत जाऊन बसले तर परत यायचे नाहीत. न्यायचंच नाही असं मी ठरवलं नव्हतं. पण उद्यावर ढकलत राहिलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं.

जानेवारीतल्या एका दुपारी मी फोन केला तर बाबांनी उचलला नाही. थोड्या वेळाने परत केला, तरी नाही. त्या दिवशी माझ्याकडे नवीन मलमाचा प्रयोग लागलेला होता आणि तो मध्येच सोडून उठत नाहीत. मी उठले. शेजारच्या मशीनवरच्या मुलीला म्हटलं, "जमलं तर बघ, नाही तर जाऊ दे," आणि स्कूटी काढली.

बाबा हॉलमधल्या खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, त्यावर स्वेटर, डोक्याला टोपी, पायात बूट. शेजारी त्यांची कापडी पिशवी भरून ठेवलेली. मान छातीवर पडलेली. मी हाक मारली. खांदा हलवला, तेव्हा हाताला काहीतरी गुबगुबीत लागलं. स्वेटरच्या आत, छातीवर, माझ्या ओढणीने घट्ट बांधलेली रबरी पिशवी होती. ती अजून गरम होती. बरोब्बर पॅचवर.

श्वास चालू होता, पण दोन श्वासांमध्ये एवढं अंतर पडत होतं की प्रत्येक वेळी मला वाटे, आता येत नाही. पापणी उघडून बघितली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. मी पिशवी फेकली, पॅच सोलून काढला, कातडी गार पाण्याने पुसली आणि अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. ती येईपर्यंत त्यांचे गाल थोपटत ओरडत राहिले. दुपारी आमच्या जिन्यावरचे सगळे फ्लॅट कुलपात असतात. वॉचमन आणि अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीतूनच तीन मजले खाली नेलं. लिफ्ट त्या आठवड्यात बंद होती.

दवाखान्यात उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, तसे ते डोळे उघडून बघायला लागले. तरुण डॉक्टरीण होती. ती म्हणाली, "कातडीत साठलेलं औषध अजून बराच वेळ रक्तात येत राहील. आम्ही लक्ष ठेवतोय, लागलं तर पुन्हा इंजेक्शन देऊ. पण तुम्ही त्यांना झोपू देऊ नका. बोलत राहा त्यांच्याशी."

कातडीत काय साठतं ते मला सांगायची गरज नव्हती. बोलत राहा, हे मात्र जड गेलं. मी स्टुलावर बसले आणि बोलायला लागले. प्रयोगशाळेतलं सांगितलं, नव्या मलमाचं सांगितलं, स्कूटीच्या पंक्चरचं सांगितलं. थोड्याच वेळात माझ्याकडचं संपलं. बाबांच्या पापण्या मिटायला लागल्या. पंचेचाळिशीतली बाई मी, आणि बापाला जागं ठेवायला माझ्यापाशी तासाभराचंही बोलणं निघेना. मी घाबरले. घाबरून विचारलं, "बाबा, तुमच्या समोरच्या घरात कोण राहतं हो आता?"

त्यांनी डोळे उघडले. "वर्कशॉपातला माझा हेल्पर. तुला नाय ठाऊक?"

"नाही. आणि त्याच्या शेजारी?"

मग ते बोलायला लागले. एकेक घर सांगत गेले. कोणाची सून मास्तरीण आहे, कोणाचा पोरगा पुण्यात गाडी चालवतो, कोणी बापाची पेन्शन दारूत घातली, कोण जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून सगळ्यात पुढे नाचतो. मधेच जीभ जड व्हायची, तेव्हा मी पुढचं घर विचारायची. अख्खी गल्ली संपली तेव्हा पलीकडच्या गल्लीत शिरलो. नाशिकला आल्यापासून ते इतकं बोलले नव्हते. मला ते ऐकायला आवडत होतं आणि त्याच वेळी मला कळत होतं की यातलं एकही घर माझं नाही.

औषधाचा अंमल उतरत गेला तसं दुखणं परत आलं. त्यांनी दात-ओठ आवळले, वर्कशॉपातली एक शिवी हासडली, आणि मग जरा शुद्धीवर येऊन माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "कुठे निघाला होता?"

"मनमाडला. दुपारच्या गाडीनं."

"या अवस्थेत? एकटे?"

"म्हणून तर शेक घेतला. तूच म्हणली होती ना, गरम केलं की जास्त जातं. म्हणलं मनमाडपत्तूर दुखणं दबलं म्हंजी झालं."

मी कपाळावर हात मारला. मी शेक देऊ नये म्हणून सांगितलं होतं, आणि या माणसाने त्यातून युक्ती काढली होती. आयुष्यभर लोखंड तापवलेल्या फिटरला मी तापवण्याचा गुण शिकवला, दुसरं काय होणार! पण खरा राग त्याचा नव्हता. मी ओरडलेच, "माझ्याकडे काय कमी होतं तुम्हाला? न सांगता पळून जायला मी काय केलं होतं?" बाजूच्या पलंगावरच्या बाईंनी मान वळवली. नर्सने हळू बोला म्हणून खूण केली.

बाबांनी डोळे मिटले. मी त्यांना हलवलं, झोपलेत की काय म्हणून. ते जागेच होते.

"कमी काय बी नाय," ते म्हणाले. "पण पोरी, मी तुझ्याकडं मेलो तर चार खांदे कुठून आणशील?"

मी मनात मोजायला लागले. प्रयोगशाळेतली मुलं आली असती, सुट्टी मिळाली तर. वॉचमन आला असता. चौथा कोण?

"तरी राहा," मी म्हटलं. "मरायचं नंतर बघू. माझ्यासाठी राहा ना, बाबा. मला घरी आल्यावर कुणीच नसतं."

इतकं उघड मी आयुष्यात कोणाला काही मागितलं नव्हतं. त्यांचे डोळे भरले. माझ्या मनगटावर हात ठेवला, तो गार होता.

"तू चल की तिकडं," ते म्हणाले.

"नोकरी आहे माझी."

"व्हय," ते म्हणाले. "आणि माझी गल्ली हाय."

चार दिवसांनी डॉक्टरांनी कमी ताकदीचा नवा पॅच दिला आणि प्रवासाला परवानगी दिली. या वेळी सगळं मी ठरवलं. आदल्या दिवशीच लावला, म्हणजे निघायच्या वेळी रेघ वर चढलेली असेल. चुलतभाऊ जीप घेऊन आला. मागच्या सीटवर गाद्या टाकल्या. चांदवडचा घाट उतरेपर्यंत बाबा शांत होते. औषध मी म्हटलं होतं तसंच काम करत होतं, एवढं चोख की माझ्याच्याने ते बघवेना. मनमाडची हद्द लागली तसे ते उठून बसले.

गल्लीत जीप शिरली आणि दारं उघडली. हेल्पर लंगडत आला आणि म्हणाला, "आला का नाशिकचा साहेब!" बाबा जे हसले, तसे माझ्याकडे कधीच हसले नव्हते. मला मत्सर वाटला. त्या लंगड्या म्हाताऱ्याचा मला मत्सर वाटला, आणि त्याच म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून बाबा घरात गेले तेव्हा मी त्याचे पाय धरायचेच बाकी होते.

वहिनीला मी पॅच कसा बदलायचा ते शिकवलं. जुना कसा नीट दुमडून टाकायचा ते दाखवलं आणि शेकायचं नाही, शेकोटीला छाती करून बसू द्यायचं नाही, हे बजावलं. ती म्हणाली, "एवढे डोळे लावून बसलोय, कोण शेकू देतंय त्यांना!" खरंच, त्या घरात त्यांना चोरून काही करणं शक्य नव्हतं. संध्याकाळच्या गाडीने मी परतले. पुढे दर शनिवारी जात होते. गेले की बाबा लोकांना सांगायचे, "पाव्हणी आली." गंमत म्हणून म्हणायचे. मीही हसायची.

होळीच्या आधी ते गेले, सकाळी, चहा पिऊन झाल्यावर. मी पोचले तेव्हा गल्लीत माणूस मावत नव्हता. मला वडिलांना खांदा द्यायचा होता, मी तसं चुलतभावाला सांगितलं आणि त्याने मला पुढे उभं केलं. पण चार पावलं गेले नाही तोच मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, सरका, आम्हाला बी द्या." मी सरकले. दुसऱ्याने खांदा दिला, मग तिसऱ्याने. दर वळणाला नवीन माणसं पुढे येत होती. मी मागून चालत राहिले. पुन्हा माझा नंबर लागला नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर नाशिकला आले. कुलूप उघडायला किल्ली काढली आणि उघडलं नाही. वळून समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. इतकी वर्षं समोरासमोर राहतो, पण ती बेल कशी वाजते ते मला त्या दिवशी कळलं. माझ्याच वयाच्या बाई होत्या. हाताला कणीक लागलेली, त्यांनी दार कोपराने उघडलं.

"काही हवं होतं का?" त्यांनी विचारलं.

"माझे वडील गेले," मी म्हटलं.

त्यांनी तोंडावर हात नेला, कणकेचाच. मग माझ्या दाराकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "इथे तुमचे वडील राहत होते?"